कामठीहून आलेल्या त्या दादांना

मे महिना, नागपूरचं ऊन. माझा रक्तगट निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह. बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या अंगात अँटीबॉडी तयार होऊ न देणारं अँटी-डी इंजेक्शन पहिल्या बाळंतपणानंतर राहून गेलं होतं, त्याचं आता काय बोलायचं! माझ्या अँटीबॉडी पोटातल्या बाळाच्या लाल पेशी फोडत होत्या. 28व्या आठवड्यात डॉपलर सोनोग्राफीत कळलं, बाळाला रक्त हवं, आणि तेही पोटातच. 1963 मध्ये न्यूझीलंडच्या लायली यांनी हे पहिल्यांदा केलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला त्या क्षणी फक्त सुई दिसत होती.

ओ निगेटिव्ह, तेही ताजं. रात्री अकराला तुम्ही स्कूटरवर कामठीहून आलात. रक्त दिल्यावर ज्यूस हातात घेऊन विचारलंत, "एवढ्याशा जिवाला पुरेल ना जी?" पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही.

सोनोग्राफीत बघत डॉक्टरांनी नाळेच्या शिरेत रक्त सोडलं. तेवढा वेळ एक सिस्टर माझा हात धरून तिच्या घरच्या मांजरीचे किस्से सांगत होती. ताई, मांजरीचं नाव विसरले, हात नाही विसरले.

लेक आता रांगते. दादा, पुरलं.