काळोखातल्या नाटकाला पांढरा गणवेश नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर सहलींचे दिवस येतात. वेरूळ-दौलताबादच्या जोडीला छत्रपती संभाजीनगरात एखादा बालनाट्याचा खेळही शाळा ठरवतात. तो खेळ अंधारात चमकणाऱ्या बाहुल्यांचा असेल, तर बिघडतो तो बहुधा रंगमंचावर नव्हे, प्रेक्षागृहात.

पहिले कारण पांढरा शर्ट. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा खुलवणारे द्रव्य असते. ते या खेळात वापरला जाणारा, डोळ्याला जेमतेम दिसणारा अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकते. पुढच्या दोन-तीन रांगांत असे पन्नास-साठ शर्ट बसले की काळ्या मखमलीत दडलेला कलाकार दिसू लागतो, आणि तो दिसला की जादू संपली. पीटीचा गडद टी-शर्ट किंवा वरून गडद स्वेटर घातला तरी काम भागते. पांढरे मोजेही चमकतात, पण ते खुर्चीखाली राहतात. त्यावरून मुलांना रागावू नये. पहिल्या दोन रांगा रिकाम्या सोडल्या तर उत्तमच.

दुसरे कारण वेळ. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. खेळ तीनचा असेल तर अडीचच्या सुमारास मुले मंद उजेडात बसलेली हवीत. उन्हात काळा होणारा चष्मा असलेल्या मुलाला तर आधी आत घ्यावे, काच निवळायला काही मिनिटे जातात. दौलताबादचा किल्ला चढवून आणलेली मुले काळोखात सरळ झोपतात. म्हणून नाटक सकाळी, किल्ला नंतर. मोबाइल एकानेही उघडला तर आजूबाजूच्या सगळ्यांच्या डोळ्यांची सवय मोडते, आणि बहुतेक वेळा तो मोबाइल शिक्षकांचाच असतो. मुलांना बाहेर न्यायचे असेल तर बॅटरीवर लाल जिलेटिन लावावे. लाल उजेडाने डोळे कमी बिघडतात. बाहेर जाण्याच्या वाटेवरचे दिवे मात्र झाकू नयेत, कलाकारांनी कितीही विनवले तरी.

तिकिटे घेण्याआधी नाटक मंडळींना एक प्रश्न लेखी विचारावा: खेळात झपाझप उघडझाप करणारा दिवा आहे का? असेल तर झटके येणाऱ्या मुलांच्या पालकांना आधी कळवावे. पहिली-दुसरीची मुले अंधाराला घाबरतात. त्यांना रांगेच्या टोकाला, शिक्षकांशेजारी बसवावे.

आता नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांसाठी. अतिनील दिव्याचा झोत प्रेक्षकांकडे वळलेला नसावा. ३६५ ते ४०० नॅनोमीटरचा हा प्रकाश थेट डोळ्यात शिरला की डोळ्यातले भिंगच मंद चमकते आणि समोर धुके पसरल्यासारखे वाटते. मुले डोळे चोळत राहतात, दोष मात्र रंगांना दिला जातो. दिवे रंगमंचाच्या कडेला, आडोसा लावून ठेवावेत. काळ्या पडद्यावर टॉवेलचे पांढरे तंतू चिकटले असतील तर तेही ताऱ्यांसारखे लुकलुकतात. खेळाआधी ब्रश फिरवावा. आणि आपल्याकडची नेहमीची अडचण, वीज. जुने वायूचे मोठे दिवे वीज गेली की लगेच पेटत नाहीत, निवायला पाच-दहा मिनिटे घेतात. जनरेटर सुरू झाला तरी रंगमंच काळाच राहतो आणि तीनशे मुलांचा गोंधळ उडतो. एलईडीचे दिवे मात्र वीज आली की तत्क्षणी लागतात. निदान मंडळींनी कोणते दिवे आणले आहेत, हे तरी आधी विचारून ठेवावे.

एक गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकांसाठी. मुले या रंगांना ‘रेडियम’ म्हणतात, पण त्यांत रेडियम नसते. चांदण्यांचे स्टिकर प्रकाश साठवून नंतर अंधारात चमकतात. नाटकातला रंग दिवा बंद होताच विझतो, कारण तो प्रकाश साठवत नाही. तिथे खरा अंधार नसतोच. डोळ्याला जेमतेम दिसणारा दिवा चालू असतो. शाळेत परतल्यावर नोटा तपासण्याचा छोटा दिवा घ्यावा. चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये ढवळून, गाळ खाली बसू द्यावा आणि वरच्या पिवळ्या द्रवावर तो दिवा धरावा. हिरवट झळाळी येते. वसमतची हळद घ्या, नाहीतर किराणा दुकानातली. फक्त स्पिरिटजवळ काडी पेटवू नये, आणि दिवा कुणाच्या डोळ्यांवर रोखू नये.

आपले,
रंगमंचावर प्रकाशयोजना करणारे काही तंत्रज्ञ, मराठवाडा