फ्रेमला कटर न लावू देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल हे धरूनच लिहितोय. सगळ्यांसमोर लिहायचं कारण एवढंच, की गाडी पाहिली की जो तो विचारतो, "इंजिन कोणी बसवून दिलं?" आणि नाव-पत्ता सांगायचा नाही अशी तुमची ताकीद. मग निदान काम तरी लोकांना कळू दे.

बाबांची राजदूत जीटीएस, म्हणजे १९७३ च्या सिनेमामुळे देशभर 'बॉबी' म्हणून ओळखली गेलेली ती बुटकी गाडी, आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी जिन्याखाली धूळ खात उभी होती. इंजिन जाम, क्रँक खलास, केसिंगला तडा. सुटा भाग मिळेना, आणि मिळतो म्हणणारा भाव असा सांगे की ऐकूनच माघारी फिरावं. शेवटी बजाजच्या सीटी १०० चं इंजिन टाकायचं ठरवलं. ज्या गॅरेजला जावं तिथे पहिला प्रश्न, कुठून कापू? एकाने तर फ्रेमवर खडूने रेघही मारून दिली. तुमच्या शेडमध्ये गाडी उतरवली तेव्हा तुम्ही ती रेघ पाहिली आणि म्हणालात, "काऊन रे पोट्ट्या, बापाची गाडी कापाले निंगाला का?" मग हातातल्या कळकट फडक्याने पुसून टाकलीत.

इंजिन बसवून देणारे नागपुरात पुष्कळ आहेत. उद्या मूळ इंजिन दुरुस्त झालं तर चार बोल्ट खोलून ते परत जागेवर जाईल, अशा बेताने बसवणारे तुम्ही एकटे भेटलात. आभार मुख्यतः त्याचे.

तुमची अट कडक होती. फ्रेमवर फाउंडेशनची, म्हणजे इंजिन बसवायची, जी भोकं कारखान्यातून आली तीच वापरायची, नवं एकही पाडायचं नाही. म्हणजे मध्ये एक वेगळा पाळणा हवा, जो एका बाजूने राजदूतची भोकं धरेल आणि दुसऱ्या बाजूने सीटीची. इतवारीच्या लोहा ओळीतून लोखंडी पट्टी आणायला मला पिटाळलंत आणि तुम्ही भंगारातून सीटीची रिकामी केसिंग हुडकून आणलीत. आत गिअर नाही, क्रँक नाही, नुसतं टरफल. मला वाटलं, हे कशाला? तर वेल्डिंग त्या टरफलावर करायचं! खऱ्या इंजिनाला आच लागली तर ऑइल सील जातात, आणि पट्ट्या मोकळ्या ठेवून झाळल्या तर थंड होताना ओढल्या जातात, मग बोल्ट आत शिरत नाही. केसिंग फ्रेममध्ये टांगून, पट्ट्या बोल्टने कसून, आधी नुसते टाके मारलेत. चेनची पुढची आणि मागची दातेरी चाकं (आपली सॉकेटं) एका रेषेत आहेत का, ते पाहायला त्यांवरून सुतळी ताणली. एका कडेला किंचित उजेड दिसला तर टाका तोडून पुन्हा. मला तो उजेड दिसतही नव्हता, तुम्हाला चष्म्याशिवाय दिसत होता.

पण सगळ्यात आवडला तो कणकेचा गोळा. १७३ सीसीच्या जागी ९९.२७ सीसीचं इंजिन म्हणजे जागाच जागा, असं कोणालाही वाटेल. पण राजदूतचं टू-स्ट्रोक, त्याच्या हेडवर गार करणारी पाती आणि प्लग, संपलं. सीटी फोर-स्ट्रोक, तिच्या डोक्यावर कॅम, रॉकर, व्हॉल्व्ह असा सगळा संसार. वर पेट्रोलची टाकी बसेल की टेकेल, हे मोजपट्टी घालून मोजता येईना. तुम्ही घरून भिजवलेली कणीक मागवलीत, हेडवर थापलीत, वरून टाकी हलकेच ठेवली आणि उचलली. दबलेली कणीक सुईने टोचून जाडी मोजली. "टाकी बसते, पन टॅपेटचं झाकन निंगत नाही," म्हणालात आणि पाळणा पुन्हा थोडा खाली घेतलात. मी तेवढ्यावर खूश झालो असतो. पुढे दर वेळी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करायला टाकी उतरवणारा मीच, हे तुमच्या लक्षात होतं, माझ्या डोक्यातही नव्हतं.

मागच्या चाकाच्या हबसाठी लेथवर रिंग काढून दिलीत, तिथेही जुनीच भोकं. वायरिंगचं तर काय, जुनी ६ व्होल्टची आणि पॉइंटने ठिणगी पाडणारी, नवी १२ व्होल्टची आणि सीडीआय या इलेक्ट्रॉनिक डबीने ठिणगी पाडणारी. तुम्ही जुना जुडगा तसाच गुंडाळून, चिठ्ठी बांधून माझ्या हातात दिलात. बल्ब, हॉर्न सगळं बदललं.

सायलेन्सरचा बेंड मात्र विसरणार नाही. पाइपात वाळू ठासून, दोन्ही तोंडं बंद करून गॅसने तापवायची, म्हणजे वाकवताना पाइप चेपत नाही. वाळू ओली राहिली तर वाफ होऊन बूच गोळीसारखं सुटतं, म्हणून आधी पत्र्यावर पसरून ठेवलीत. मे महिन्यात नागपुरात त्याला भट्टी लागत नाही म्हणा.

आणि कागदपत्रांचं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली आरटीओची परवानगी घेतल्याशिवाय आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, हे वकिलाच्या आधी तुम्ही बजावलंत. इंजिनाची पावती नि ते ज्या मोडीत काढलेल्या सीटीतून आलं तिचे कागद पाहिल्याशिवाय तुम्ही पान्याला हात लावला नव्हता. केंद्राचे व्हिंटेज वाहनांचे २०२१ चे नियम मी नंतर वाचले: ५० वर्षांवरची गाडी, मूळ स्वरूपात, मोठा फेरबदल न झालेली. म्हणजे आज आमची बॉबी त्यात बसत नाही. पण फ्रेम अखंड आहे आणि मूळ इंजिन ग्रीस लावून पेटीत आहे, तेव्हा परत फिरायची वाट मोकळी ठेवलीत. आरटीओत अर्ज दिलाय. तोवर ती फक्त आमच्या अंगणात फिरते. बाबा रोज संध्याकाळी कीक मारून पाहतात. आवाज राजदूतचा नाही, यावर त्यांची तक्रार आहे. ती तुमच्यापर्यंत पोचवायला सांगितलीय.

आता हिशेबाचं. तुम्ही पट्टीचे आणि गॅसचे तेवढे घेतलेत आणि मजुरीचं विचारलं की "पाहू ना बे" म्हणून लेथ सुरू केलात. असं चालणार नाही. पहिलं ऑइल बदलायला येतोय, सोबत वहीही आणतोय. आकडा तुमच्याच हाताने लिहा.

तुमचा,
बॉबीवाला पोट्टा