नंदीबैल दिसतो, नंदीवालाही दिसू द्या

महोदय,

सुगी उरकत आली की दारोदार गुबुगुबु वाजू लागते आणि वृत्तपत्रांच्या पानांवर नंदीबैल दिसू लागतो. छायाचित्र बहुतेक वेळा एकाच साच्यातले असते. झूल, गोंडे, शिंगे झळझळीत. कासरा धरलेला माणूस मात्र अर्धा चौकटीबाहेर किंवा काळवंडलेला. खाली ओळ: ‘ग्रामीण भागात आजही नंदीबैलाची परंपरा’. माणसाला नाव नाही. बैलालाही नाही, आणि त्याचे नाव तर मालक अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे पुकारत असतो. यात छायाचित्रकाराचा हेतू वाईट असतो असे नाही. बरेचसे तंत्रात चुकते आणि ते सुधारता येते, म्हणून हे पत्र.

पहिली अडचण उजेडाची. पांढराशुभ्र बैल, शेजारी उन्हाने रापलेला चेहरा आणि त्यावर फेट्याची सावली. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचे सगळे सरासरी राखाडी धरून चालतो. बैलाने चौकट व्यापली की तो उजेड कमी करतो. बैल मळकट येतो आणि माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे उरतात. एक्स्पोजर (आत घेतला जाणारा उजेड) वाढवले तर चेहरा उजळतो, पण बैलाच्या पाठीवरचे सगळे बारकावे उडतात आणि ते नंतर संगणकावरही परत येत नाहीत. भर दुपारच्या उन्हात हा पेच सुटतच नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नये. दोघांना सावलीत घ्यावे, तीही भिंतीच्या किंवा देवळाच्या. झाडाची सावली फसवी असते: पानांतून येणारे कवडसे पांढऱ्या अंगावर चट्ट्यांसारखे उमटतात आणि चेहऱ्यावर हिरवट छटा येते. दोघांची तोंडे सावलीतून मोकळ्या, उजेडाच्या बाजूला ठेवून मीटर चेहऱ्यावर धरावा आणि मग पाठीचा पांढरा भाग जळत नाही ना, तेवढे पडद्यावर पाहावे. लाल झुलीकडेही लक्ष हवे. गडद लाल रंग इतर रंगांच्या आधी भरून जातो आणि कशिदा, कवड्या, टिकल्या सगळ्यांचा मिळून एक सपाट पट्टा होतो. एक्स्पोजर एक तृतीयांश स्टॉपने (पूर्ण एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उतरवून आणि ‘रॉ’मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, टिपून हे बरेचसे वाचते.

दुसरी चूक फोकसची, आणि ती महागड्या लेन्सवाल्यांकडून जास्त होते. ८५ मिमीची लेन्स, एफ/१.८ (लेन्सचे छिद्र; आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) आणि तीन मीटर अंतर, एवढ्यात स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १३ सेंटीमीटरचा असतो. बैलाची नाकपुडी आणि त्याचा डोळा यांतले अंतरच त्याहून कितीतरी जास्त. माणूस सवयीने बैलाच्या खांद्याशी उभा राहतो, म्हणजे तो आणखी मागे गेला. मग बैलाचा डोळा लख्ख आणि माणूस धूसर. ‘पार्श्वभूमी सुंदर विरघळली’ म्हणून ज्याचे कौतुक होते, ती पार्श्वभूमी म्हणजे प्रत्यक्षात तो माणूस असतो! ५० मिमीची लेन्स, तेवढेच अंतर आणि एफ/५.६ ठेवले की हा पट्टा सुमारे १.२ मीटरचा होतो (ही गणिते मोठ्या, ‘फुल फ्रेम’ सेन्सरची). त्यात दोघेही बसतात. माणसाला कासरा आखूड धरून बैलाच्या डोळ्याच्या रेषेत उभे राहायला सांगावे. गुडघे वाकवून लेन्स माणसाच्या छातीच्या उंचीवर आणावी, नाहीतर दोघेही वरून पाहिल्यासारखे खुजे दिसतात.

मोबाइलवाल्यांनी ‘पोर्ट्रेट मोड’ बंदच ठेवावा. शिंगांची टोके आणि गोंड्यांचे धागे कुठे संपतात हे त्याला कळत नाही; तो शिंगांच्या टोकांवरच्या शेंब्या पुसून टाकतो. अगदी जवळ जाऊन रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत नाकपुडी भोपळ्याएवढी येते. मागे सरकून दुप्पट झूम वापरावा.

आता बैल. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे नाकासमोर अगदी जवळचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही. छायाचित्रकार नेमका समोरून वाकून येतो, बैल मान झटकतो, वेसण ताणली जाते. तिरक्या बाजूने, त्याला दिसत राहू असे यावे. फ्लॅश वापरू नये: बैल बिचकतो, आणि डोळ्याच्या आतल्या चकाकत्या पडद्यामुळे फोटोत भुताटकीसारखे हिरवे-निळे दिवे येतात. कान सतत हलत असतात, म्हणून शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा संथ नको. मान डोलावताना टिपायचे तर १/५००. सावलीत त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० किंवा त्याहून वर न्यावा लागला तरी हरकत नाही, थोडे दाणे आले म्हणून बिघडत नाही. कान पुढे यायला हवे असतील तर मालकाला वाद्यावर एकदा काठी घासायला सांगावी. टाळ्या आणि शिट्ट्या वाजवू नयेत.

छातीवर पाय ठेव, जबड्यात डोके घाल, अशा कसरतींची फर्माईश मात्र करू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम २२ खाली २०११ साली निघालेल्या अधिसूचनेने खेळासाठी शिकवण्यास व दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचेही नाव घातले. फोटोसाठी पैसे देऊन कसरत करवून घेणारा निघून जातो, आणि छापलेला फोटो पुरावा म्हणून उभा राहतो तो नंदीवाल्याविरुद्ध. नाग आणि माकडाच्या बाबतीत प्रश्नच नाही: माकड त्याच कलमाखालच्या मनाईच्या यादीत आहे आणि नागासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. दात काढलेल्या नागाचे ‘रुबाबदार’ पोर्ट्रेट आपण छापूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

पैशांचे आधीच आणि उघड बोलावे. फोटो काढू देण्यात नंदीवाल्यांचे तीन-चार घरी फिरणे बुडते, त्याची भरपाई म्हणून पैसे द्यावेत. ‘बक्षिसी’ म्हणून नाणे पुढे करू नये. फोटो कुठे छापणार ते सांगावे. पालावर जाऊन बायका-मुलांचे फोटो न विचारता घेऊ नयेत. प्रत देण्याचा शब्द दिला तर पाळावा. आठ बाय बारा इंची प्रिंट, दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन. साधा कागद पालात एक पावसाळा टिकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे पुढे त्यांना स्वतःला मोठा करून घेता येतो. पत्ता विचारताना पावसाळ्यात मुक्काम कुठे असतो ते विचारावे. फिरस्तीवरची बरीच कुटुंबे तेव्हा ठरल्या गावी सापडतात.

संपादकांकडे मागणे दोनच गोष्टींचे. वाचकांकडून छायाचित्र मागवताना माणसाचे नाव (त्याची संमती असेल तर), बैलाचे नाव आणि गाव कळवणे सक्तीचे करावे. आणि आडवे छायाचित्र दोन स्तंभांत बसवताना पानरचनेत जी कात्री चालते तिच्यावर नजर ठेवावी, कारण ती हमखास माणसाच्या बाजूने चालते. जागा कमीच असेल तर खुरांकडून कापावे.

– जत्रा-यात्रांत छायाचित्रण करणारे काही वाचक