गोडनिंब गेला

दर्यापूर तालुका, १४ जून

दिल्या,

तब्येती साऱ्यांच्या बऱ्या. मायचे गुडघे होते तसेच. तुझे दोन फोन मी उचलले नाहीत, मुद्दामच. तोंड नव्हतं. काकूंनी लावून दिलेला गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, वाळला बे. मीच वाळवला. आरओच्या पाण्यानं.

हसू नको. होळीनंतर मशीन बसवली. बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, निघाला १८४० मिलिग्रॅम. सरकारी मानक म्हणते ५०० च्या आत असावा. दुसरा इलाजच नसेल तर २००० पर्यंत चालते. आपल्या खारपाणपट्ट्यात दुसरा इलाज कधी होता? मशीनमधून आलं ते ९०. पहिल्याच दिवशी तुरीची दाळ सोडा न घालता शिजली. माय मात्र म्हणे, "कायचं पाणी बापा, चहा निरा फिक्का!" ती अजून चोरून बोअरचंच पिते.

मशीनच्या मागून एक बारीक नळी निघते. मेकॅनिक म्हणाला, मोरीत सोडा. एक लिटर चांगल्यामागं तीन लिटर त्या नळीतून! वीस भरले की साठ गेले. मला आपली सायकल आठवली, दोन्हीकडं डबक्या आणि गोड्या विहिरीवरून येतानाचा तो चढ. (कळशी तूच पाडली होतीस. अण्णांचा मार मी खाल्ला. विसरलो नाही.) साठ लिटर मोरीत सोडवेना. नळी लांबवून गोडनिंबाच्या आळ्यात सोडली, आणि स्वतःवरच खूश!

मे अखेर पानं कडेनं करपू लागली. वाटलं ऊन लागलं. अजून पाणी सोडलं.

परवा मायनं लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवलं. सकाळी गंजात पाणीच पाणी, फोडी सुरकुतलेल्या. तेव्हा टाळकं उघडलं. मीठ जिकडं जास्त तिकडं पाणी ओढलं जातं. आरओत पंप जोर लावून हेच उलटं करतो. खाऱ्या बाजूचं पाणी पडद्यातून दाबून पलीकडं काढतो आणि मीठ अलीकडंच अडतं. मग अडलेलं मीठ जाते कुठं? त्या नळीत! मीटर बुडवलं तर २४२०. म्हणजे रोज साठ लिटर मिठवणी मी मुळाशी ओतत होतो. पाणी उन्हानं उडून जाई, मीठ मातीत राही, झाड फोडीसारखं सुरकुतत जाई. नववीत सरांनी मनुका भिजवून हेच दाखवलं होतं. आपण दोघांनी त्या मनुका खाल्ल्या.

आता ते पाणी टाकीत साठवतो. फरशी, संडास, भांड्यांचा पहिला हात. तरी उरतेच. आमच्या गल्लीत आणखी तीन मशिनी आल्यात, तिन्ही नळ्या नालीत. नाली कुठून जाते तुला माहीत आहे, गोड्या विहिरीच्या अगदी खेटून. तिचं पाणी आता कोणी ओढत नाही, म्हणून कोणाला फिकीरही नाही. मला मात्र रात्री तेच दिसते. बायको म्हणते, "विहिरीची काळजी करता, माझ्या दळणाची करा."

पोरीला दहावीत किती पडले? वहिनींना नमस्कार. फ्लॅटचं काय झालं ते फोनवर सांग, आता उचलीन.

काकूंना एवढ्यात सांगू नको. त्यांच्या गॅलरीतल्या कुंडीत याच झाडाचं पिल्लू आहे ना? त्याला फुटवा आला असेल तर पोळ्याला येताना आण. तोवर पावसानं आळ्यातलं मीठ धुऊन जाईल. कळशीचं मग मिटलं समज.

तुझा,
सुध्या