‘ऑपरेशन पवन’चे आदेश खुले करा

महोदय,

श्रीलंकेतील भारतीय शांतिसेनेचा विषय निघाला की जवानांच्या शौर्याला वंदन होते आणि चर्चा तिथेच संपते. सैन्याला तिथे नेमके काय साधायला पाठवले होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

29 जुलै 1987च्या भारत-श्रीलंका करारानुसार 48 तासांत शस्त्रसंधी आणि पुढच्या 72 तासांत बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवायची होती. सिकंदराबादची 54 इन्फन्ट्री डिव्हिजन घाईने उत्तर श्रीलंकेतील जाफन्यात उतरली ती या कामासाठी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला समुद्रात पकडलेल्या लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेच्या 17 जणांना कोलंबोला नेण्याचा घाट श्रीलंका सरकारने घातला. त्यांनी सायनाइड घेतले, बारा दगावले आणि आठवडाभरात त्याच डिव्हिजनला जाफना जिंकायचा हुकूम झाला. हेच ‘ऑपरेशन पवन’. शस्त्रे गोळा करायला आलेले सैन्य रस्त्यांवर, चौक्यांवर विखुरलेले असते. शहरात घुसायचे तर एकवटलेल्या पलटणी, ताजे नकाशे, तमिळ जाणणारे दुभाषे आणि राखीव कुमक लागते. हे सगळे आठवड्यात उभे राहत नाही.

11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर काय घडले पाहा. लिट्टेच्या नेत्यांना मुख्यालयातच पकडायचा बेत होता. पण वायरलेसवरचे बोलणे लिट्टेने आधीच ऐकले होते आणि मैदानावर बंदुका रोखून ठेवल्या होत्या. ‘10 पॅरा’ पलटणीच्या कमांडोंमागून ‘13 शीख लाइट इन्फन्ट्री’ पलटणीचे 30 जवान उतरले. गोळीबारात एमआय-8 हेलिकॉप्टरांची नासधूस झाली, पुढच्या फेऱ्या थांबल्या. जमिनीवरून येणारी मदत सुरुंगांनी अडवली. एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या, 20 गोळ्यांच्या मॅगझिनच्या एसएलआर रायफली एके-47 पुढे किती काळ पुरणार? तीसपैकी 29 जण ठार झाले, एक कैद झाला. कमांडोंना सोडवायला रणगाडे लोहमार्गावरून न्यावे लागले. या फसगतीला जवान जबाबदार नव्हते.

ऑक्टोबरअखेर जाफना हाती आला, लिट्टे वन्नीच्या जंगलात सरकली. मग पुढे काय? 1988मध्ये प्रांतिक निवडणूक घेतली, सैन्य चार डिव्हिजनपर्यंत वाढले, पण कोणती स्थिती आली म्हणजे परतायचे, हे कुणी ठरवलेच नाही. दिल्लीचे लष्करी मुख्यालय, कोलंबोतील भारतीय उच्चायुक्तालय आणि गुप्तचर संस्था रॉ यांचे अंदाज जुळत नव्हते. याचे सारे खापर राजकारण्यांवर फोडणे मला पटत नाही. उद्दिष्ट लेखी मागून घेणे हे सेनापतीचे काम असते, आणि ते न मिळता आणखी डिव्हिजन पाठवणे ही त्याचीच चूक. अखेर श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी जून 1989मध्ये निघून जायला सांगितले. शेवटची तुकडी 24 मार्च 1990ला परतली. तोवर सुमारे 1,200 जवान गेले होते. त्यांत महार रेजिमेंटचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

कारगिलनंतर सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि अहवाल लोकांपुढे ठेवला. ‘पवन’चीही तशीच चौकशी व्हावी. निदान जुलै आणि ऑक्टोबर 1987चे मूळ आदेश, शत्रूच्या बळाचे तेव्हाचे अंदाज आणि जाफना घेतल्यानंतर सैन्याला दिलेल्या सूचना तारीखवार प्रसिद्ध कराव्यात. हुतात्म्यांच्या घरच्यांना एवढे जाणून घ्यायचा हक्क आहे.

– एक वाचक, पुणे