पुठ्ठ्याची चावी पुरे, खरी चावी समजावून सांगा

मा. संपादक,
स. न.

नवी गाडी घेतली की शोरूमवाले हार घालतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात आणि हातभर लांबीची पुठ्ठ्याची चावी हातात देऊन घरादाराचा फोटो काढतात. आमच्याही भिंतीवर तो फोटो आहे. त्या गडबडीत खरी चावी कुणीतरी माझ्या खिशात सरकवली. तिच्या पोटात आणखी एक छोटी लोखंडी चावी असते, हे मला चौदा महिन्यांनी एका चावीवाल्याकडून कळलं. तेही गाडीची काच फुटल्यावर.

गेल्या महिन्यात आम्ही नृसिंहवाडीला गेलो होतो. दर्शन झालं, दुपारचा दीड वाजला होता, सौ. पेढे आणि कवठाची बर्फी घ्यायला थांबली. अडीच वर्षांचा नातू कंटाळून रडायला लागला, म्हणून मी त्याच्या हातात गाडीची चावी दिली. मुलीनं त्याला मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं आणि पलीकडून बसायला ती गाडीला वळसा घालून निघाली. तेवढ्यात ‘टुक’ असा आवाज झाला आणि दोन्ही बाजूंचे आरसे सशानं कान पाडावेत तसे मिटले. पोरानं लॉकचं बटण दाबलं होतं.

आधी तो हसत होता. आम्हीही हसत होतो. ‘बाळा, ते दुसरं बटण दाब, बघू!’ असं पाच जण पाच बाजूंनी ओरडायला लागल्यावर तो बिथरला आणि त्यानं चावी फेकली. ती सीटखाली गेली.

त्यानंतरची दहा मिनिटं मला आजही झोपेत दिसतात. एका भल्या माणसानं पेढ्याच्या दुकानातून स्टीलची फूटपट्टी आणली. पूर्वी मारुती ८०० आणि ओम्नीला हा उपाय चालायचा. काच आणि रबराच्या बीडिंगमधून पट्टी खाली सारायची, आतली सळई ओढायची, दार उघडायचं. मी स्वतः तरुणपणी असं दार उघडलेलं आहे. आताच्या दारांत ती सळई झाकलेली असते आणि आत वायरींचं जाळं असतं. पट्टीनं बीडिंग तेवढं फाटलं. दुसऱ्यानं सांगितलं, घरी फोन लावा आणि दुसऱ्या चावीचं बटण मोबाइलजवळ दाबायला सांगा. व्हॉट्सॲपवर हे वर्षानुवर्षं फिरतंय. मी पंचावन्न वर्षांचा घोडा, मिरजेला भावाला फोन लावला आणि मोबाइल दाराला टेकवून उभा राहिलो. भाऊ तिकडे बटण दाबतोय, ‘झालं का? झालं का?’ विचारतोय. रिमोट रेडिओलहरींवर चालतो, फोनवरून जातो फक्त आवाज. शाळेत शिकलेलं ऐन वेळी आठवलं नाही. (चेंडूला भोक पाडून तो कुलपावर दाबायचा, हाही त्याच घराण्यातला उपाय. माझ्या सुदैवानं तिथे चेंडू नव्हता.)

जयसिंगपूरच्या चावीवाल्याला कुणीतरी फोन केला. तो म्हणाला, अर्ध्या तासात येतो. आम्ही त्याची वाट बघत उभे राहिलो, हीच आमची सगळ्यात मोठी चूक. बंद गाडी उन्हात उभी असेल तर आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांत साधारण १० अंशांनी चढतं, आणि लहान मुलाचं अंग मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगानं तापतं. बाहेर ३८ होतं. हे सगळं मी नंतर वाचलं. तिथे उभा असताना माझ्या डोक्यात काय होतं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो: काच केवढ्याला पडेल याचा मी हिशोब करत होतो.

नातवाचं रडणं थांबलं. केस कपाळाला चिकटले होते आणि तो नुसता बघत होता. मुलगी म्हणाली, ‘बाबा, फोडा.’ शेजारी टेम्पो लावलेल्या ड्रायव्हरनं माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. ‘काच गावती की बाजारात!’ म्हणत त्यानं टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी दांडी, काढली. पोराला पुढच्या बाजूनं हाका मारून तिकडे बघायला लावा म्हणाला, आणि पोरापासून लांब असलेल्या, पलीकडच्या दाराच्या काचेवर घाव घातला. मधोमध बसलेला पहिला घाव नुसता उसळून आला. दुसरा त्यानं खालच्या कोपऱ्यात घातला आणि सगळी काच खडीसाखरेसारखी सीटवर सांडली. बाजूच्या काचा अशाच फुटण्यासाठी बनवलेल्या असतात, त्यांच्या सुऱ्या होत नाहीत. पुढची मोठी काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली असते. तिच्या नादी लागू नये, तडे जातील पण वाट मिळणार नाही. नातवाला सावलीत नेलं, अंग पुसलं, घोट घोट पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी त्यानं पेढा मागितला तेव्हा सौ. खाली बसली ती बराच वेळ उठली नाही.

चावीवाला आला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यानं पैसे घेतले नाहीत, चहा घेतला आणि माझी चावी हातात घेऊन नखानं एक खटका सरकवला. आतून ती छोटी चावी निघाली. रिमोटचा सेल संपला तर दाराच्या मुठीजवळचं टोपण काढून त्या चावीनं दार उघडायचं असतं. तो पुढे म्हणाला, निम्मे फोन डिकीवाल्यांचे असतात. नुसती डिकी उघडायची, पिशव्यांबरोबर चावीही आत ठेवायची आणि डिकी लावून टाकायची. आत फक्त सामान असेल तर काच अजिबात फोडू नका, म्हणाला. तो दाराच्या वरच्या कोपऱ्यात हवेची पिशवी घालून फुगवतो, फट पडली की लांब सळईनं आतलं बटण दाबतो, रंगाला ओरखडा येत नाही. आधी आरसी आणि ओळखपत्र मात्र मागतो. जो मागत नाही त्याला गाडी दाखवू नका, हा सल्लाही त्याचाच.

काचेच्या खर्चाबद्दलही सांगतो, कारण माझ्यासारखे हिशोबी लोक बरेच असतील. काचेवर विम्यात घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याची वजावट, कापत नाहीत. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आपल्याला भरावे लागतात. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकतो, म्हणून एजंटला विचारून मी खिशातूनच पैसे दिले. पॉलिसीसोबत रस्त्यावरच्या मदतीचं कलम मी आधीच पैसे भरून घेतलेलं होतं, त्यात चावी अडकल्यावर माणूस पाठवण्याची सोय होती. तो नंबर पॉलिसीच्या कागदावर, आणि कागद गाडीच्या कप्प्यात! आता तो मोबाइलमध्ये आहे आणि सौ.च्याही मोबाइलमध्ये आहे. मूल किंवा म्हातारं माणूस आत अडकलं असेल तर मात्र आधी ११२ ला फोन, आणि आतल्याचं अंग तापायच्या आधी काच फोडणं.

दुसरी चावी वर्षभर कपाटात, शोरूमचा प्लास्टिकचा टॅगसुद्धा न काढता पडून होती. आता ती सौ.च्या पर्समध्ये असते. हरवू नये म्हणून तिला दम देऊन ठेवलाय, कारण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. गेल्या रविवारी तिची पर्स गाडीतच राहिली होती, तो भाग वेगळा.

माझी मागणी शोरूमवाल्यांकडे आहे. पुठ्ठ्याची चावी हवी तर द्या, फोटोही काढा. पण गाडी ताब्यात देताना दहा मिनिटं बसवून दाखवा: लोखंडी चावी कुठून निघते, टोपण कसं उघडतं, चावी आत असताना कोणकोणत्या तऱ्हेनं गाडी लॉक होते, आणि कोणती काच कुठे फोडायची. मला सीटकव्हरचे सात नमुने दाखवायला त्यांच्याकडे वेळ होता. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनीही शेवटच्या दिवशी एवढं सांगितलं तर त्यांचं पेट्रोल जळणार नाही.

मे महिन्यात सगळेच नातवंडं घेऊन देवाला आणि गावाला निघतील. सुट्टी लागायच्या आत हे पत्र छापता आलं तर बघावं.

आपला,
एक वाचक, मिरज