आबांचं व्याज

प्रिय वसंता,

दिवाळीपासून पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. शुगर ठीक, गुडघा आहे तिथेच आहे.

आबांनी अखेर 30 लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले, 8.2 टक्क्यांनी. तिमाहीला 61,500, म्हणजे महिना साडेवीस हजार, घरखर्च वीस. हिशेब बसला म्हणून खूश आहेत. तू तर टाळ्याच वाजवशील, पोस्टवाल्या! योजनेत खोट नाहीच, खोट आहे ती सगळं व्याज खाण्यात.

खर्च वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला तर आजचे वीस हजार पाच वर्षांनी पावणेसत्तावीस, बारा वर्षांनी चाळीस. व्याज पाच वर्षं तेवढंच. मुदत वाढवताना त्या वेळचा दर. 2021 साली तो 7.4 होता. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्यच 4 टक्के. तेवढीच महागाई धरली तरी मुद्दलाची किंमत टिकवायला वर्षाला 1,20,000 बाजूला हवेत. खायला उरतात महिना 10,500. सहा धरलीस तर साडेपाच हजार! (नाशिकच्या सहलीचे तुझे साठ रुपये मी साठच देणार, महागाई लावून मागू नकोस.)

पेन्शनचे साडेचार हजार आणि खालच्या खोलीचं भाडं सहा, यात ते 10,500 मिळवले की घर चालतं. पण पेन्शन-भाडं त्यांनी बाळूच्या गाडीच्या हप्त्याला लावलंय. ते सोडवायचं तुझ्याकडे. माझं ऐकत नाहीत. सुटले तर दरमहा दहा हजार बाजूला पडतील. पाच आरडीत (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव), मेडिक्लेमसाठी, कारण वय वाढलं की प्रीमियम उडी मारतो. पाच इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड), दहा वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर. पोस्टात पडून राहिलेल्या व्याजावर व्याज मिळत नाही, हेही सांग. आणि भाडं तीन वर्षं तेच आहे. पुढच्या अकरा महिन्यांच्या करारात पाच टक्के वाढ लिहायला लाव. व्याज लाखावर जातंय, कर बसत नसेल तर व्याजातून कर कापू नका असा फॉर्म एप्रिलमध्येच भरायचा, नाहीतर टीडीएस कापतील.

"तेल कुठे महागलंय?" म्हणतात. पिशवी उलटी करून दाखव: लिटरभर तेल 910 ग्रॅम भरतं, त्यांच्या पिशवीत 750 आहे.

मेधाचं ठरलं म्हणे, अभिनंदन. दाढ काढलीस का? वहिनींना नमस्कार. आबांकडे रविवारी जा, शनिवारी बाळू असतो.

तुझा,
दिल्या